सल्ला : एका शेऱ्यात दोन भीती

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

मी गुहागर तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावची असून डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षात शिकते. दहावीनंतर कला शाखा घेतल्यामुळे गणित तेथेच सुटले. सध्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शिकवण्याच्या प्रत्यक्ष सरावासाठी, एका द्विशिक्षकी शाळेत जाते. मागील महिन्यात चौथीच्या वर्गावर अपूर्णांकांच्या तुलनेचा पाठ होता आणि शाळेच्या टीव्हीवर व्हिडिओ दाखवून तो शिकवायचा असे मी ठरवले होते. ऐन वेळी रेंज गेली, पाठोपाठ वीजही गेली. फळ्याकडे वळले तेव्हा एका मुलीने विचारले, ‘बाई, एक छेद चार मोठा ना? चार तर तिनापेक्षा मोठे आहेत.’ मी आधी ‘हो’ म्हणाले, मग ‘नाही’ म्हणाले, आणि शेवटी ‘नियम तसा आहे’ असे सांगून पुढे सरकले. मार्गदर्शकांनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला : ‘विषयज्ञान व तंत्रज्ञान दोन्हींत आत्मविश्वास कमी.’ तेव्हापासून गणिताचा तास म्हटला की पोटात गोळा येतो. मैत्रीण म्हणते, तुझे गणिताचे पाठ मी घेते, तू माझे मराठीचे घे. तसे करावे का? संगणकाचा वर्ग लावावा का? बाबा मच्छीमार आहेत. हंगाम सुरू झाला की लॅपटॉप घेऊन देतो म्हणतात. तो घ्यावा का?

उत्तर :

वयाने तुम्ही माझ्या नातीच्या बरोबरीच्या असाल, तरी ज्यांना वर्गातील मुले आजच ‘बाई’ म्हणून हाक मारतात त्यांना ‘तुम्ही’ म्हणणेच मला योग्य वाटते. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे. पण त्याआधी त्या शेऱ्याविषयी बोलले पाहिजे, कारण तुमची खरी अडचण त्या पाठात जेवढी आहे त्याहून अधिक त्या एका ओळीत आहे, असे माझे मत झाले आहे.

शेरा लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असे मला मुळीच वाटत नाही. निरीक्षण वहीतील रकाना दोन बोटांचा असतो आणि एका दिवसात पाच-सहा पाठ पाहायचे असतात, हे मी स्वतः अनेक वर्षे अनुभवले आहे. परंतु त्या घाईत दोन अगदी वेगळ्या गोष्टी ‘व’ या एका अक्षराने जोडल्या गेल्या, आणि तुम्हीही त्या जोडूनच मनात घेतल्या. रेंज जाणे आणि वीज जाणे यांत तुमच्या आत्मविश्वासाचा काही संबंध नाही. कोकणातल्या डोंगरउतारावरील वाडीत या दोन्ही गोष्टी घडणारच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तेथे उणीव होती ती पर्यायी तयारीची, आणि ती एका संध्याकाळीत भरून निघते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर न येणे ही मात्र गणिताची उणीव होती. आता असा विचार करा की त्या दिवशी वीज गेलीच नसती. व्हिडिओ पाच-सात मिनिटांत संपला असता आणि त्या मुलीने तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला असता. वीज गेल्यामुळे पाठ फसला असे तुम्ही समजता. मला वाटते, विजेने फक्त पडदा बाजूला केला.

हे मी कठोरपणे लिहीत नाही, कारण त्या पडद्यामागे मीही उभी राहिले आहे. मी ज्या शाळेत होते तेथे पहिला संगणक आला तेव्हा आम्ही त्याला हार घातला, त्यावर कापडी अभ्रा चढवला आणि बरेच दिवस तो अभ्रा काढलाच नाही, कारण बिघडला तर भरून कोण देणार, हा प्रश्न शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना पडला होता. अखेर सातवीतल्या दोन मुलांनी तो सुरू केला आणि मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले. गणिताचेही तेच. ‘खालचा आकडा मोठा की अपूर्णांक लहान’ हे वाक्य मी कित्येक वर्षे मुलांकडून म्हणून घेतले, आणि असे का, हे मला एकाही मुलाने विचारले नाही, याचा मला तेव्हा आनंद वाटत असे. तुमच्या वर्गातील मुलीने ते विचारले.

आता तो प्रश्न पाहू. मुलगी चुकीचे बोलली, पण वेडेवाकडे बोलली नाही. आजवर शिकलेल्या प्रत्येक संख्येत चार हे तिनापेक्षा मोठेच होते; मग रेघेच्या खाली गेल्याबरोबर चाराने लहान का व्हावे? तिला नियम सांगण्यापेक्षा एक भाकरी द्यावी. एकच भाकरी तिघांत वाटली तर वाट्याला येणारा तुकडा आणि तशीच, तेवढीच भाकरी चौघांत वाटली तर येणारा तुकडा, यांत कोणता घ्यायला आवडेल, हे चौथीच्या मुलीला सांगावे लागत नाही. मात्र ‘तेवढीच भाकरी’ हे शब्द विसरू नका, कारण एखादे चलाख पोर लहान घावनाचा तिसरा भाग आणि मोठ्या भाकरीचा चौथा भाग यांची तुलना करून तुम्हाला पुन्हा अडचणीत आणेल, आणि त्या वेळी त्याचेच बरोबर असेल. अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण वस्तू सारखी असावी लागते, ही गोष्ट व्हिडिओत सहसा एका वाक्यात उरकली जाते आणि वर्गात मात्र तिच्यावर दहा मिनिटे खर्च व्हायला हवीत.

भाकरीनंतर कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्या. एक दुमडून दोन भाग करा, दुसरीचे चार, तिसरीचे आठ. तिनाला आणि सहाला थोडी खटपट पडते, पण मुलांना ती खटपट आवडते. पट्ट्या एकाखाली एक लावल्या की भागांची संख्या वाढते आणि प्रत्येक भाग बारीक होत जातो, हे नियम न सांगता दिसते. सात भाग करताना मुले कंटाळतील आणि पन्नास भाग तर हाताने होणारच नाहीत. नेमका येथे तुमचा टीव्ही किंवा टॅब उपयोगी येतो. जिओजेब्रा हे मोफत मिळणारे साधन ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ पासून विकसित केले; त्यात एक सरकपट्टी ठेवून छेदातील संख्या दोनापासून पन्नासापर्यंत वाढवत नेली, तर पट्टीचा एक भाग डोळ्यांदेखत आक्रसत जातो आणि तरीही शून्य होत नाही. जे हाताने होते ते हाताने करावे आणि जेथे हात थांबतो तेथून यंत्राने पुढे जावे, ही माझी कसोटी आहे. या कसोटीवर तुमचा व्हिडिओ उतरला नसता, कारण तो जे दाखवणार होता ते दोन भाकऱ्यांनी झाले असते.

पुढच्या आठवड्यात त्या वर्गावर जाल तेव्हा पाठाच्या आधी त्या मुलीचे नाव घेऊन सांगा की तिचा प्रश्न चांगला होता आणि त्या दिवशी तुम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. तुमचा मान कमी होणार नाही. उलट तुम्ही हे बोलला नाहीत तर त्या मुलीच्या मनात ‘नियम तसा आहे’ एवढेच राहील आणि पुढच्या वेळी ती विचारणार नाही.

कला शाखेची खंत तुम्ही पत्रात एका ओळीत सांगितली असली तरी ती मला सर्वत्र जाणवली. लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना काही साधे प्रश्न विचारले होते. ते काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रश्न असा होता की पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवा आणि त्याला साजेशी एक गोष्ट सांगा. अमेरिकन शिक्षकांपैकी २१ जणांनी आकडेमोड करून पाहिली, त्यांतील ९ जणांचे उत्तर पूर्ण बरोबर आले, आणि बरोबर बसणारी गोष्ट केवळ एकाला रचता आली. चिनी शिक्षकांची आकडेमोड सर्वांचीच बरोबर होती आणि बहुतेकांनी योग्य गोष्टीही सांगितल्या. यात तुमच्यासाठी महत्त्वाचे ते पुढेच आहे. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, तर चिनी शिक्षकांनी नववीपर्यंतच्या शिक्षणानंतर दोन-तीन वर्षांचे अध्यापक प्रशिक्षण घेतले होते. त्यांचे गणित कॉलेजात पक्के झालेले नव्हते. ते प्राथमिकचेच पाठ्यपुस्तक बारकाईने वाचून आणि शाळेतल्या इतर शिक्षकांबरोबर बसून एकेका धड्यावर चर्चा करून पक्के झाले होते. तुमच्या हातात बालभारतीची पहिली ते पाचवीची पुस्तके आहेत. ती विद्यार्थी म्हणून तुम्ही वाचली, शिक्षक म्हणून अजून वाचलेली नाहीत.

ते उदाहरण तुम्हीही करून पाहा, कारण मराठी माणसाला ते अधिक सोपे जायला हवे; ‘पावणेदोन’ आणि ‘अर्धा’ हे आपल्याकडे बाजारातले शब्द आहेत. पावणेदोन किलो काजूगर आहेत आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या आहेत. तीन पिशव्या भरतात आणि पाव किलो काजूगर उरतात. येथे बहुतेक जण ‘तीन आणि पाव’ असे म्हणून फसतात. उरलेला गर पाव किलो आहे हे खरे, पण विचारले आहे ते पिशव्यांविषयी, आणि पाव किलो म्हणजे अर्धी पिशवी; म्हणून उत्तर साडेतीन. आणखी एक चूक अशी होते की ‘पावणेदोन किलो दोघींत वाटले’ अशी गोष्ट रचली जाते, म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागले जाते. या दोन चुका कोठून येतात ते तुम्हाला मैत्रिणीला समजावून सांगता आले, तर अपूर्णांकांच्या भागाकाराची भीती बाळगण्याचे काही कारण उरत नाही, मग दहावीला गुण किती होते याला फारसे महत्त्व नाही.

येथे मैत्रिणीच्या सूचनेकडे वळते. पाठांची अदलाबदल करू नका. सूचना प्रेमाने केलेली आहे, हे मान्य. पण तुम्ही ज्या प्रकारच्या शाळेत आंतरवासिता करत आहात तशाच शाळेत उद्या नोकरी लागली तर तेथे दोन शिक्षक असतील, दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या असतील आणि गणित घ्यायला मैत्रीण नसेल. शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरातही १५० पैकी ३० गुण गणिताचे आहेत. ते सोडून देणे खुल्या प्रवर्गात ६० टक्क्यांची अट असताना कोणालाच परवडत नाही. याहून मोठे कारण मात्र वर्गातील मुलींचे आहे. सियान बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांचे विद्यार्थी होते. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेला वाटणारी गणिताची भीती आणि मुलांचे गणित यांत काही संबंध दिसला नाही. वर्ष संपताना मात्र ज्यांच्या बाईंना गणिताची भीती अधिक, त्यांच्या वर्गातील मुलींपैकी अधिक जणी ‘गणित मुलांचे आणि वाचन मुलींचे’ असे मानू लागल्या होत्या, आणि तसे मानणाऱ्या मुलींचे गणित मागे राहिले होते. मुलग्यांवर तसा परिणाम आढळला नाही. अभ्यास लहान होता आणि परदेशातला होता, म्हणून त्यावरून आपल्याकडचे सगळे ठरवू नये. परंतु तुम्ही गणिताचा तास मैत्रिणीकडे देऊन वर्गाबाहेर उभ्या राहाल तेव्हा मुली ते पाहत असतील, एवढे समजायला अभ्यासाची गरज नाही.

अदलाबदलीऐवजी दुसरे काही करता येईल. मैत्रीण तुमचा गणिताचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहील आणि तुम्ही तिचा पाहाल. तिने शेरा लिहायचा नाही. मुलांनी विचारलेले प्रश्न आणि चुकीची उत्तरे तेवढी जशीच्या तशी टिपायची. संध्याकाळी दोघींनी त्या चुकांवर बोलायचे. चिनी शिक्षक जे शाळेत करत होते ते हेच.

मराठीतून गणित शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक जास्तीची अडचण असते आणि तिच्याविषयी अध्यापक विद्यालयात पुरेसे बोलले जात नाही, अशी माझी तक्रार आहे. आपण ‘पंच्याहत्तर’ म्हणतो तेव्हा पाच आधी ऐकू येतात आणि सत्तर नंतर, पण लिहिताना सात आधी येतात. म्हणून दुसरीतले मूल ५७ लिहिते. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे असतात साठ व नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशी वाचनाची पर्यायी पद्धत आली तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण त्या वेळी सविस्तर मांडली होती. त्या वादात कोणती बाजू घ्यायची ते तुमचे तुम्ही ठरवा. माझा मुद्दा टॅबच्या पडद्याशी संबंधित आहे. टॅबवरच्या खेळात मुलाने पंच्याहत्तरसाठी ५७ दाबले की लाल फुली येते आणि पुढचा प्रश्न येतो. फळ्यावर तेच मूल आधी पाच लिहिते, थबकते, आणि पाचाच्या डावीकडे सात लिहायला जागा शोधते. ते थबकणे पाहण्यासाठी शिक्षक लागतो. तेव्हा तंत्रज्ञानातला आत्मविश्वास म्हणजे सर्व बटणे माहीत असणे असा अर्थ तुम्ही लावत असाल तर तो अपुरा आहे; कोणत्या वेळी टॅब खाली ठेवायचा हे कळणेही त्यातच येते. पुण्या मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-अभ्यासकांनी २००६ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली : विषय, तो शिकवण्याची रीत आणि साधन ही तीन ज्ञाने वेगवेगळी घेऊन चालत नाही, ती एकमेकांत कशी गुंततात ते शिक्षकाला समजावे लागते.

आता तुमच्या घरातल्या गणिताकडे येते, कारण पत्रातील ‘बाबा मच्छीमार आहेत’ हे शब्द वाचल्यावर माझ्या मनात एक पाठ तयार झाला. बाबांना विचारा, आज भरती किती वाजता आहे. आपल्या किनाऱ्यावर जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पंचमीला पावणेचार आणि दशमीला साडेसात. तुमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले होते, म्हणून हा हिशोब त्यांना होडीत बसल्या बसल्या करता येत असे. पाऊणकी पाठ करायला लावावी असे मी म्हणत नाही. पण ३/४ ने गुणण्याचे याहून खरे उदाहरण मला तरी कोणत्या व्हिडिओत सापडलेले नाही.

हाच पाठ यंत्रावर नेला की अधिक रंगतो. मोबाइलवरील गुगल शीट्समध्ये पहिल्या रकान्यात १ ते १५ तिथी लिहा आणि दुसऱ्या रकान्यात सूत्र लावून प्रत्येकीला ०.७५ ने गुणा. पंचमीसमोर ३.७५ असे उत्तर येईल आणि वर्गातील कोणीतरी ‘तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटे’ असे नक्की वाचेल. त्या क्षणाची वाट पाहा, कारण तेथे दशांश आणि तासाची साठ मिनिटे यांतला फरक शिकवण्याची संधी आयती चालून येते : ०.७५ तास म्हणजे पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे. पुढे पौर्णिमेसमोर ११.२५, म्हणजे सव्वाअकरा दिसतील. पण पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकून पुन्हा मूळ जागी यायला हवी. मग पाऊण तास गेले कोठे? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत ३० तिथी आणि २४ तास, म्हणून एका तिथीला २४ भागिले ३०, म्हणजे ०.८ तास, अर्थात ४८ मिनिटे. तिसऱ्या रकान्यात ०.८ ने गुणले की पौर्णिमेला बरोबर बारा येतात. जुन्यांनी ०.८ ऐवजी पाऊणपट का धरली असेल, हे मुलांना विचारून पाहा. माझा अंदाज असा की पाऊणकी तोंडपाठ होती आणि होडी लोटायला एवढा अंदाज पुरत होता. त्यानंतर बाबांनी सांगितलेल्या प्रत्यक्ष वेळा चौथ्या रकान्यात भरा. त्या कोणत्याच रकान्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते आणि खाडीच्या मुखापासून आत पाणी पोहोचायलाही वेळ लागतो. हा फरक चौथी-पाचवीच्या मुलांना दाखवताना घाबरू नका. तिथी, सूत्र आणि समुद्र यांत अंतर पडते हे त्यांना त्यांच्या वडिलांकडून आधीच माहीत असते.

अशा एका पाठात अपूर्णांक, दशांश, वेळ, तक्ता आणि आलेख एवढे सगळे येते, आणि त्यातील एकही गोष्ट यंत्रावर अडून बसत नाही. तक्ता आदल्या रात्री घरी करा आणि मोबाइलमध्ये जतन करा. दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपमधील साहित्य दाखवायचे असेल तर तेही रेंज असेल तेथे आधी डाउनलोड करून ठेवा. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड वर्गात उभे राहून स्कॅन करण्याच्या भानगडीत पडू नका. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने रिकाम्या वर्गात टीव्हीला मोबाइल जोडणे, आवाज लावणे, सगळे बंद करून पुन्हा सुरू करणे हे तीनदा करा, म्हणजे चौथ्यांदा मुलांसमोर हात थरथरणार नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये माणसाचा स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास कोठून येतो याची मांडणी केली, तीत इतरांचे पाहणे आणि कोणी धीर देणे यांनाही स्थान आहे, परंतु सर्वांत बळकट आधार स्वतः करून साधलेल्या गोष्टीचा मानला आहे. माझे हे पत्र त्या हिशोबाने दुय्यमच ठरते.

पाठ टाचण एआयकडून लिहून घेण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सध्या प्रत्येक छात्राध्यापक ते करतो, म्हणून सांगते. टाचण लिहून घेऊ नका. त्याऐवजी एआयला चौथीतील गोंधळलेला विद्यार्थी व्हायला सांगा आणि त्याला १/३ व १/४ समजावून पाहा. तेथे तुम्ही अडखळलात तर ते कोणालाही दिसत नाही. एआयने दिलेले गणित मात्र कागदावर स्वतः तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

संगणकाच्या वर्गाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. एम.एस.-सी.आय.टी.चे प्रमाणपत्र नोकरीसाठी लागले तर ते सवडीने करून घ्या, त्यात वाईट काही नाही. परंतु त्या वर्गाने चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सध्या तुमच्या संध्याकाळी मोजक्या आहेत. त्या मला पाठ्यपुस्तकावर आणि कागदाच्या पट्ट्यांवर खर्च झालेल्या आवडतील.

राहिला लॅपटॉप. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, आणि हंगाम उघडल्यावर हाती येणारे पहिले पैसे डिझेल, बर्फ आणि जाळ्याच्या दुरुस्तीत कसे जातात हे तुमच्या घरी मी सांगायला नको. बाबांनी देऊ केले यातच सगळे आले. तुम्ही मात्र नको म्हणा. वर सांगितलेले प्रत्येक काम तुमच्या हातातल्या मोबाइलवर आणि शाळेच्या टीव्हीवर होते. लॅपटॉप नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून घ्या. बाबांकडून सध्या एका पंधरवड्याच्या भरतीच्या वेळा घ्या, प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत, त्यांच्या शेजारी बसून वहीत लिहून. पाठाच्या दिवशी पुन्हा वीज गेलीच, तर पंधरा ओळी फळ्यावर सहज मावतात.